न उडालेली ठिणगी

इस्त्रीआत्या कपडा हातात घेतला की आधी नाकाशी धरायची. मग पाणी शिंपडायची आणि मगच इस्त्री उचलायची. नवख्या माणसाला ते चमत्कारिक वाटे. धुतलेल्या कपड्यात हुंगण्यासारखं असतं काय? पण आमच्या गल्लीतल्या वीस-बावीस घरांची गाठोडी तिच्या टेबलावर एकात एक मिसळून पडली, तरी ती डोळे मिटून घरं निवडून काढायची. मास्तरांचे कपडे कापराचे, समोरच्या तात्यांचे तंबाखूचे, किराणावाल्यांचे हिंगाचे आणि आमचे फिनेलचे. वडील शेगावात स्टेशनरोडवरच्या एका लॉजचे मॅनेजर होते. लॉजच्या चादरींसोबत आमचेही कपडे त्याच हौदात धुतले जात, त्यामुळे फिनेल आमच्या घराण्याला चिकटलं ते चिकटलंच. "साबण वरून लागते रे बाबू," ती म्हणायची, "घर आतून लागते."

तिचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि ते विचारायची वेळही कधी आली नाही. लहानथोर सगळे तिला इस्त्रीआत्याच म्हणत. गल्लीच्या तोंडाशी एक मोठा कडुनिंब होता. त्याच्या सावलीत चार बांबू, वर पत्रा आणि खाली घोंगड्यांचे थर दिलेलं एक लाकडी टेबल, एवढा तिचा संसार. नवरा तरणाबांड गेला, एकुलती मुलगी नांदुऱ्याला दिली. राहिली ती आणि तिची कोळशाची इस्त्री. इस्त्रीच्या झाकणाच्या कडीवर एक छोटा पितळी कोंबडा होता. तो दिवसभर निखाऱ्यांवर बसून असे आणि मला लहानपणी त्याची फार दया येई. एकदा मी त्याला पाणी पाजायला निघालो, तेव्हा तिनं माझा हात धरून ठेवला आणि हसत हसत सांगितलं, की हा कोंबडा विस्तवच खातो, त्याला पाण्यानं सर्दी होते.

निखारे भरण्याची तिची एक रीत होती, ती मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर उभं आहे. शेगडीतले फुललेले निखारे इस्त्रीत भरले, झाकण लावलं, की ती टेबलाकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला जायची. तिथं इस्त्री हातात धरून दहा झोके द्यायची. मोजून दहा. कच्च्या कोळशाची जी काही तडतड व्हायची ती तिथं मातीत होऊन जायची. मग इस्त्रीचा तळ ओल्या पोत्यावर पुसायचा आणि मगच टेबलाशी यायचं. "ठिणगीले आधी रस्ता दाखवून द्यावं," ती म्हणायची, "मंग ते कपड्याकडे येत नाही." माझ्या उभ्या लहानपणात तिच्या हातून कुणाच्या कपड्याला डाग पडल्याचं मी ऐकलं नाही. तात्या तर पैज लावत. त्यांचा सदरा इतका कडक असे की काढून ठेवला तरी तात्या आत असल्यासारखा उभा राही.

तिचा दुसरा नेम खिशांचा. खिशात जे सापडेल ते ती एका चिंधीत बांधायची आणि घडीच्या वर ठेवून परत द्यायची. कुणाचा पडलेला दुधाचा दात, कुणाची तुळशीमाळ, कुणाची चार घड्या घातलेली चिठ्ठी. वाचता येत नव्हतं हे खरं, पण आलं असतं तरी तिनं वाचलं नसतं. गल्लीतल्या एका ताईचं लग्न कुणाशी व्हायचं आहे, हे तिला त्या ताईच्या आईच्या आधी वर्षभर ठाऊक होतं, असं नंतर उघड झालं. ताईच्या आईनं कपाळाला हात लावून विचारलं, की अहो, मग बोलला का नाहीत? तर आत्याचं उत्तर ठरलेलं. खिशातलं खिशातच.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे खूण. नाक कितीही तरबेज असलं तरी हिशेब नाकावर ठेवायचा नसतो, असं तिचं मत होतं. म्हणून प्रत्येक घराच्या कपड्याला कॉलरच्या आत तिनं दोऱ्याची एक खूण घातलेली असे. कुणाची हिरवी उभी रेघ, कुणाचा निळा ठिपका. आमच्या घरच्या लाल दोऱ्याच्या दोन फुल्या. शाळेत पाढे पाठ होण्याआधी मला गल्लीतल्या सगळ्या घरांच्या खुणा पाठ होत्या.

थंडीतली सकाळ आठवली की आजही अंगावर ऊब येते. शाळेत जाताना मी तिच्या टपरीपाशी उघडा, कुडकुडत उभा राही. ती इस्त्रीखालून काढलेला माझा गणवेशाचा शर्ट हवेत एकदा झटकून थेट अंगात घालायची. ती ऊब, त्यातला पाण्याच्या वाफेचा आणि कोळशाचा वास, वरून गळणारी कडुनिंबाची पिवळी पानं, आणि स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची लांबून येणारी शिटी. मला वाटे, सगळ्या जगाला कुणीतरी असंच सकाळी गरम शर्टात घालत असणार. ती बटणं लावायची आणि सगळ्यात वरचं लावताना दर वेळी हळूच नाक चिमटायची.

अकरावीला मी खामगावला जाऊ लागलो. रोज सकाळी बसने जायचं, दुपारी बसने यायचं. तिथं तीन मित्र मिळाले. कॉलेजच्या मागच्या रस्त्याला कापसाची एक बंद पडलेली जिनिंग गिरणी होती. तिच्या पडक्या भिंतीमागे आम्ही बसायला लागलो आणि एक दिवस त्यांच्यातल्या एकाच्या हातात गांजा होता. त्या सहा-सात महिन्यांचं मला सलग काही आठवत नाही, नुसते तुकडे आठवतात. जुन्या सरकीचा वास. उन्हात तरंगणारे कापसाचे तंतू, जे खाली पडायचंच विसरून गेले होते. कुणीतरी काहीतरी बोलतं आहे आणि ते माझ्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो आहे. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला ते गोड होतं. मग त्याच्याशिवायचं सगळं कडू व्हायला लागलं. एकदा शेगावच्या स्टँडवर बस रिकामी झाली तरी मी बसूनच होतो. कंडक्टरनं खांदा हलवला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि हे गाव कुठलं ते मला काही क्षण ओळखता आलं नाही. जिथं जन्मलो ते गाव. त्या दिवशी भीती वाटली, पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भिंतीमागे गेलो.

घरात सगळ्यांना सगळं दिसत होतं. आणि प्रत्येकाकडे त्याचं एक मायेचं कारण होतं. डोळे लाल? बसमधली धूळ. दुपारी चार-चार तास झोप? अभ्यास झेपत नाही बिचाऱ्याला. जेवणावर वासना नाही, नाहीतर एकदम सहा पोळ्या? वाढतं वय. जुने मित्र घरी येईनासे झाले, तर आईला वाटलं मी शहाणा झालो. वडिलांवर खेकसलो, तर वडील म्हणाले, मीही या वयात असाच होतो. ते या वयात अजिबात असे नव्हते. आता मी स्वतः मास्तर आहे. मागच्या वर्षी शाळेत एक डॉक्टर पालकांना हीच लक्षणं समजावून सांगत होते. एक आई उठून म्हणाली, साहेब, हे तर सगळ्याच पोरांचं असते. तिचं चुकत नव्हतं. एकेक सुटं पाहिलं तर सगळ्याच पोरांचं असतं. ते सगळं एका ठिकाणी गोळा करून पाहायला ज्याला कारण शोधायची घाई नाही असं माणूस लागतं.

आमच्याकडे ते माणूस घरात नव्हतं, गल्लीच्या तोंडाशी होतं. दिवाळीनंतर कधीतरी माझ्या शर्टाला पोटाजवळ टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक पडलं. गांजातली बी तडतडून उडते आणि कपड्यावर पडते, त्याचं. मला ते कळलंही नाही. शर्ट इस्त्री होऊन आला तेव्हा त्या जागी इतकं बारीक रफू होतं, की उन्हाकडे धरल्याशिवाय दिसत नव्हतं. मी टपरीवरून जाताना आत्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत खाली घातली. रोज दोन शब्द बोलणारी ती बाई त्या दिवशी बोलली नाही, हेही मला फार दिवसांनी आठवलं.

पुढचं भोक आईला सापडलं. मावसबहिणीच्या लग्नासाठी घेतलेला नवा पांढरा शर्ट, मी एकदाच कॉलेजला घातलेला, आणि बाहीवर तपकिरी कडेचं भोक. आईनं एकच अर्थ लावला, जो आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईनं लावला असता. कोळशाची इस्त्री म्हटल्यावर ठिणगी उडणारच. ती शर्ट घेऊन तडक टपरीवर गेली. मागोमाग मी. आई म्हणाली, की आत्याबाई, तुमच्या हातावर विसंबून आम्ही नवे कपडे देतो, आणि तुम्ही असं करता? आत्यानं शर्ट घेतला, नाकाशी धरला, भोकावरून बोट फिरवलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कडुनिंबाकडे पाहत उभा राहिलो. वर पानांत एक खार होती, तिची शेपटी मला अजून आठवते.

"कोळशाचं काय सांगता येते, वहिनी," आत्या म्हणाली. "उडते एखांदी."

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा तिनं ठिणगी आपल्या अंगावर घेतली आणि तिन्ही वेळा मी वर झाडाकडे पाहिलं. आमच्याकडचे कपडे देणं आईनं कमी केलं. तात्यांनी ते ऐकलं आणि त्यांचे सदरे स्टेशनाजवळच्या नव्या लाँड्रीत, विजेच्या इस्त्रीखाली जाऊ लागले. तात्यांचं पाहून मास्तरांनी तेच केलं. लॉजच्या चादरीही गेल्या. दुपारी टेबलावर पूर्वी डोंगर असायचा, तिथं आता दोन-तीन गाठोडी दिसत. मला हे सगळं दिसत होतं. धुक्यातून का होईना, पण दिसत होतं, आणि मी गप्प होतो. आयुष्यात मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट भिंतीमागची नाही, ही आहे.

एका दुपारी मी बसमधून उतरून घरी चाललो होतो. तिनं हाक मारली.

"इकडं ये बाबू. बस."

मी म्हणालो, भूक लागली आहे, नंतर येतो.

"भूक पयून नाही जात. बस."

मी शेगडीजवळच्या तिच्या खोक्यावर बसलो. तिनं तो पांढरा शर्ट टेबलावर पसरला. आईनं पाहिलेली तीन आणि एक नवं, अशी चार भोकं होती. ती कुठलीच तिनं बुजवली नव्हती. प्रत्येक भोकाशेजारी लाल दोऱ्याच्या दोन फुल्या घातल्या होत्या.

"हे कोणाची खूण हाय?"

"आमच्या घरची."

"मंग हे भोकं कोणाचे हायेत?"

तिनं बाही उचलून आत बोट घातलं. बाहीला इस्त्री करताना ती दुहेरी पडलेली असते, ती म्हणाली. तिच्या इस्त्रीची ठिणगी पडली असती तर दोन्ही पदर करपले असते. हे भोक वरच्याच पदराला होतं. म्हणजे शर्ट अंगात होता तेव्हा पडलेलं. ती हे सगळं अगदी शांतपणे सांगत होती, एखादीनं शिवणाचा टाका समजावून द्यावा तसं. मग ती इस्त्री बाजूला ठेवून माझ्या समोर जमिनीवर बसली. तिला अशी बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"माहा एक धाकटा भाऊ होता, मलकापूरले. त्याच्या सदऱ्याले अशेच भोकं पडे. मले तवाच वास आल्ता. पण मी रफू करत राह्यली. इतलं बारीक, का मायले दिसलं नाही, बापाले दिसलं नाही. दोन वर्षं. भोकं बुजत राह्यले अन् भाऊ सरत राह्यला."

मी विचारलं, ते आता कुठे असतात. तिनं वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि नुसतीच झटकली. पाणी धुळीत पडलं.

"तुह्या पयल्या भोकालेही मीनं रफूच केलं. हात सवयीनं गेला. मंग घाबरली, का हे मी काय करून राह्यली." तिनं ओली बोटं पदराला पुसली. "खिशातलं खिशात ठेवलं मीनं जनमभर. पण हे खिशातलं नाही रे बाबू, हे आंगातलं हाय. गुरुवारी कपडे घेऊन तुह्या घरी येते. तवालोक तू सांग. नाही सांगतलं त मी सांगीन."

गुरुवार यायला चार दिवस होते. मी आईसमोर चारही दिवस बसलो आणि उठलो. एकदा तोंड उघडलंही होतं, पण आईनं विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का? मी हो म्हणालो.

गुरुवारी दर्शनाची गर्दी असते, वडील लॉजवर होते. आई ओसरीत सुपात तांदूळ निवडत होती. आत्या आली, पायरीवर बसली, गाठोडं सोडलं आणि पांढरा शर्ट आईच्या मांडीवर उलगडून ठेवला. आईला आधी फुल्यांचाच राग आला. समोर दिसेल अशी खूण कुणी घालतं का? मग आत्यानं हळू आवाजात जे सांगायचं ते सांगितलं. तिनं गांजा हा शब्द एकदाच उच्चारला, तोही इतका हळू, की जणू तो कुणा दुसऱ्याच गावाचा होता.

आईनं ते मानलं नाही. कशी मानेल? ती उभी राहिली. सुपातले तांदूळ ओसरीभर सांडले. आपल्या इस्त्रीचा दोष माझ्या पोराच्या माथी मारता, असं ती म्हणाली, आणखीही बरंच म्हणाली, ते मी इथं लिहीत नाही, कारण आईनं नंतर त्याची माफी मागितली आहे. आत्या सगळं ऐकत राहिली. तिनं वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. शेवटी एवढंच म्हणाली:

"वहिनी, तुमी माय हा. एकडाव हुंगून पाहा."

आईनं शर्ट नाकाशी नेला. तिथं फिनेलचा वास नव्हता. मी पाहत होतो, आईचा चेहरा शर्टात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. लहान बाळाच्या टाळूला नाक लावून आया बसतात, तशी ती बसली होती. मग शर्ट खाली आला आणि तिनं आत्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं.

"ठिणगी आत्याची नव्हती," मी म्हणालो.

पुढचं वर्ष सोपं गेलं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. वडील मला अकोल्याला डॉक्टरांकडे घेऊन जात. बसमध्ये ते खिडकीशी बसत आणि सबंध रस्ता एक शब्द बोलत नसत, पण त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर असे. हातांना कंप सुटायचा, झोप उडायची, चिडचिड तर विचारू नका. कॉलेज एक वर्ष मागे पडलं. दुपारी मी टपरीवर जाऊन बसू लागलो. आत्या मला निखारे भरायला लावी आणि दहा झोके द्यायला लावी. "हाताले काम देजो," ती म्हणे, "डोकं मांगून येते." दिवस मावळायच्या आत ती माझी बाही धरून एकदा हुंगायची आणि जा म्हणायची. तीच माझी रोजची परीक्षा. माघात एकदा मी नापास झालो. जुना मित्र स्टेशनावर भेटला होता. तिनं बाही हुंगली, सोडली आणि म्हणाली, आज टेबलाले हात लावू नको, उद्या ये. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा तिनं त्याबद्दल काही विचारलं नाही. निखारे फुलवून ठेवले होते, ते मी भरले.

आईला मात्र चैन पडत नव्हतं. आत्याची गिऱ्हाइकं आमच्यामुळे तुटली होती. एक दिवस ती टपरीवर गेली आणि म्हणाली, मी घरोघरी जाऊन खरं सांगते. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मी तिथंच होतो. आत्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

"काऊन सांगता, वहिनी? कोळशाले काळं म्हटलं त कोळशाचं काय जाते? पोराले एकडाव म्हटलं त ते धुतल्या जात नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "तू बी नको बोलू. शिक आधी."

आम्ही तिचं ऐकलं. आमच्या सोयीचं होतं म्हणून ऐकलं, हेही लिहून ठेवतो. आईनं आमचे सगळे कपडे पुन्हा तिच्याकडे सुरू केले, पण एका घराच्या कपड्यांवर टपरी चालत नाही. दोन वर्षांनी मी अकोल्याला शिकत असताना ती टेबल टेम्पोत टाकून मुलीकडे नांदुऱ्याला निघून गेली. जाताना आमच्या दारात एक घडी ठेवून गेली. तो पांढरा शर्ट होता, त्या गुरुवारी ती परत घेऊन गेलेली. भोकाशेजारच्या फुल्या उसवलेल्या आणि चारही भोकांवर रफू, शोधूनही न सापडणारं. आईकडे निरोप होता: नवं भोक पडलं नाही, आता जुनं बुजवलं तरी चालते.

लग्न झाल्यावर बायकोला घेऊन नांदुऱ्याला गेलो होतो. बायकोला मी लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. आत्याची नजर अधू झाली होती. मी पाया पडायला वाकलो, तर तिनं बाही धरली आणि नाकाशी नेली. जरा वेळ विचार करून म्हणाली, फिनेल गेलं की रे, आता दुसऱ्याच घरचा वास येते. आणि मग बायकोला जवळ बोलावून तिची ओढणी हुंगली, हाव, हेच घर, असं म्हणून हसली. निघताना मी विचारलं, आता गल्लीत सांगू का? तिनं हात हलवला. कोणाले याद हाय आता, म्हणाली. त्यानंतर दीड वर्षानं ती गेली. फोन आला तेव्हा दिवसवार होऊन गेले होते.

पण लोकांच्या ते लक्षात होतं. मागच्या दिवाळीत आम्ही शेगावला होतो. तात्या आता थकले आहेत, दारात खुर्ची टाकून बसतात. मी फराळाचं ताट घेऊन गेलो, मागे बायको होती, आमच्या दारात आई उभी होती. तात्या आपल्या सदऱ्याची बाही चाचपत म्हणाले, की हल्लीच्या इस्त्रीत काही दम नाही. "कडक इस्त्री त त्या बाईचीच. पण शेवटी हात बिघडला होता तिचा. ठिणग्या पाडे."

हे वाक्य मी चौदा वर्षांत पुष्कळदा ऐकलं होतं आणि दर वेळी वर झाडाकडे पाहिलं होतं. त्या दिवशीही मान सवयीनं वर गेली. पण रस्ता रुंद करताना कडुनिंब तोडला आहे. वर नुसतं आभाळ होतं.

मी ताट खाली ठेवलं आणि म्हणालो, "तात्या, ठिणगी तिची नव्हती. माझी होती." मग सगळं सांगितलं. भिंत, भोकं, बाही, फुल्या, गुरुवार. आई दारातून हलली नाही. तात्या ऐकत राहिले. त्यांचा तळहात बाहीवर होता तो तिथंच राहिला.

"अन् मीनं तिले कपडे देणं बंद केलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "मंग इतले वर्षं काऊन नाही बोल्ला बे?"

तिनंच नको म्हटलं होतं, असं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते अर्धंच खरं होतं, म्हणून मी गप्प राहिलो. तिनं माझं नाव कोरं ठेवलं आणि मी ते इतकी वर्षं कडक इस्त्रीच्या शर्टासारखं घालून हिंडलो. तात्यांना उत्तर देता आलं नाही, म्हणून निदान इथं लिहून ठेवतो. आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांनी, आणि ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही त्यांनीही वाचावं. इस्त्रीआत्याच्या इस्त्रीतून कुणाच्याही कपड्यावर एकही ठिणगी कधी उडाली नाही.